परतीची तारीख

अंबडच्या बसस्टँडसमोर मीनाचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. झुंबरबाई तिथं व्हिसासाठी आल्या होत्या, महिन्यातली ही चौथी खेप. त्यांचा मुलगा कल्याण दूर समुद्रातल्या एका बेटाच्या देशात बंदरावर कामाला होता. पाच वर्षं मायलेकांची भेट नव्हती.

पासपोर्ट, फोटो, राहायचा पत्ता, सगळं बराबर भरलं. परतीची तारीख मात्र टाकली की पुसली जायची. तिसऱ्यांदा पुसली गेली आणि पडद्यावर अक्षरं आली: हा प्रवासी देशात दाखल झाला आहे.

"मावशी, तुम्ही आधी कधी गेल्तात का तिकडं?"

"न्हाई गं. मी तर जालन्याच्या पुढं गेले न्हाई."

मीनानं कल्याणला स्पीकरवर फोन लावला. पलीकडं लाटांचा आवाज होता, आणि भाकरी थापल्याचा.

"आता कशाला फॉर्म, ताई?" तो हसला. "आई सकाळीच आली की! एवढी दमली, तरी भाकरी करून राह्यली."

मीनानं फोन ठेवला. झुंबरबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा चेहरा उजळला.

"मंग जेवंल आता पोटभर," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

दर खेपेला निघताना त्या "येते गं" म्हणायच्या. आज दारात वळून म्हणाल्या, "जाते गं, मीना."