मुंजीहून परतताना

भाच्याच्या मुंजीत, भर पंगतीत हेमंत म्हणाला, “आमच्या हिला लायसन्स आहे हो, पण गाडी मागे घेताना गेटच पाडते!” सगळे खो खो हसले. त्याच्या बायकोने, वृंदाने, तिथेच अबोला धरला.

दुपारी दोघंच गाडीने घरी निघाली. वाटेत बोलणं झालं ते एवढंच :

तो : पहाटे चारला उठलोय. त्यात श्रीखंड-पुरी अंगावर आली बघ.

ती :

तो : अगं, बोल की काहीतरी. डोळे मिटतायत.

ती :

तो : गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटं पडू का?

ती :

तो : मग तू चालवतेस का जरा?

ती :

अबोला मोडायला तो नेहमीच काहीतरी सोंग काढायचा. हेही तसलंच, असं तिला वाटलं. शेवटचा प्रश्न तर पुन्हा टोमणाच वाटला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. घाट उतरल्यावर गाडी रस्त्याकडेच्या उभ्या ट्रकवर आदळली. हेमंत जागच्या जागी गेला.

पाचव्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला घरी आले.

“साहेबांना झोप येत होती का?”

“हो. म्हणाले ना ते. थांबू का, असंही विचारलं.”

हवालदारांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, “तुमचाही डोळा लागला असेल, ताई. जेवणानंतर लागतोच. तसंच लिहितो.”

वृंदाने कागदावर हात ठेवला.

“नाही,” ती म्हणाली. “मी टक्क जागी होते.”