टिकाऊ सायलेन्सर

ऑपरेशन झाल्यापासून म्हाताऱ्याने आजीला नुसता वैताग आणला होता. नवा सदरा आणला तरी म्हणायचा, "कशाला? आता किती दिवस राहिलेत माझे!" रोज तेच रडगाणं.

आज त्यांच्या बावीस वर्षांच्या गाडीचा सायलेन्सर गंजून भर रस्त्यात गळून पडला. गॅरेजवाला म्हणाला, "आजोबा, साधा लोखंडी बसवतो. तीन वर्षं जाईल, तुम्हाला पुष्कळ झाला."

म्हातारा खवळला. "तीन? आणि चौथ्या वर्षी गाडी तू ढकलणार का? स्टीलचा काढ, पंधरा वर्षं टिकणारा!"

आजी तिथल्याच टायरवर मटकन बसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"लबाड कुठले!" ती भर गॅरेजात ओरडली, "मरायचा काडीचाही विचार नाही तुमचा!"