माळकऱ्याच्या ताटातलं अंडं

"अंडं? अवो, गळ्यात माळ हाय तुमच्या!"

देवजीनं तुळशीची माळ उतरवली, देव्हाऱ्यात ठेवली आणि हात जोडले. "डाक्तरनं सांगितलंय गो. मऊ भात, तूप, दूध, रोज दोन अंडी. मिरची नाय, नाचणीची भाकर नाय. आतड्यात गाठ हाय. अंगात ताकद आली तरच कापून काढता येल. नायतर..."

पुढचं गोजरनं ऐकलंच नाही. ऐकायची छाती नव्हती.

"पोट दुखतंय, सोबतीला चल," म्हणून देवजीनंच तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं होतं. आलीच आहे तर हिलाही बघा, म्हणाला. गोजरला वर्षभर परसाकडे रक्त पडे, पण मूळव्याध म्हणून तिनं ते अंगावरच काढलेलं. तपासणी झाली आणि कागद घेऊन देवजी बाहेर आला, तो पांढराफटक.

तेव्हापासून चुलीवर दोन्ही वेळा पथ्य शिजू लागलं. दोन घास खाल्ले की देवजी ताट सरकवी.

"जात नाय गो. तू संपव. बुवा कीर्तनात काय सांगतात? अन्न टाकलं तर देव टाकला."

नवऱ्यामागून त्याच्याच ताटात जेवायचं, ही गोजरची लग्नापासूनची रीत. बाळंतपणात आईनं धाडलेला तुपातला शिरासुद्धा तिनं गुपचूप त्यालाच वाढला होता. तो भाकर चावत असताना आपण गोडधोड खायचं, हे तिच्या घशाखाली उतरतच नसे. आता ती ताट पुसून खाई आणि मग डोळे पुशी.

आटगावात बभ्रा झाला. विहिरीवर धोंडूबाईनं टोचलंच, "काय गो, तुमच्या विठोबाला आता कोंबडी चालते व्हय?"

बारा वर्षं बुवांच्या मागं टाळ धरून उभा राहणारा देवजी आता देवळाच्या पायरीखाली बसू लागला. आत अभंग रंगला की त्याचे रिकामे हात आपसूक हलत.

"जीव वाचला म्हंजे पुन्ना घाला माळ," गोजर समजूत काढी.

"जीव वाचू दे आधी. देव काय, समजून घेल."

पण खाल्लेलं अंगी लागेना. दोन महिन्यांत देवजीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. गोजरच्या सैल बांगड्या मात्र मनगटाला बसू लागल्या. नवरा वाळतोय आणि आपण भरतोय! तिला स्वतःचीच लाज वाटे.

ठरल्या दिवशी दोघं इस्पितळात गेली. डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बोट दाखवलं. गोजरनं नवऱ्याला पुढं केलं. तो जागचा हलला नाही. नर्सनं मग गोजरलाच दंडाला धरून काट्यावर चढवलं.

डॉक्टरांनी जुना कागद पाहिला, काटा पाहिला आणि देवजीच्या खांद्यावर हात ठेवला.

"शाब्बास! सात रत्तल वजन वाढलं. आता बाईंची गाठ काढता येईल."