तर आणि तम

"आधी तो," असं म्हणून डॉक्टरनं स्वतःच्या आईला बाकावर बसवलं आणि आईला धडक देणाऱ्या मोटारसायकलवाल्याला आत घेतलं.

तिघं एकाच रिक्षातून आले होते. आईचं मनगट मोडलं होतं, कपाळ फुटून रक्त डोळ्यापर्यंत आलं होतं. मोटारसायकलवाल्याच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. वर तोंडाला दारूचा वास. थोरल्या भावानं त्याची कॉलर अजून सोडली नव्हती. पोलिसांच्या ताब्यात द्यायचं म्हणूनच त्यानं त्याला आणलं होतं. पण त्या मोटारसायकलवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला होता, हातपाय गार होते, आणि पोट फळीसारखं घट्ट लागत होतं. आत कुठेतरी रक्तस्राव चालू होता.

"डोकं फिरलंय का तुझं?" भाऊ दारात आडवा उभा राहिला. "आई बाहेर आणि हा बेवडा आत? काही तारतम्य?"

"बाजूला हो, दादा. नाहीतर शिपायाला बोलावून बाजूला करायला लावीन."

तो बाजूला झाला, पण 'तारतम्य' हा शब्द तिला लागायचा तो लागलाच. तो तिच्या पाचवीलाच पुजला होता. आई शाळेत मुलांना व्याकरण शिकवायची आणि घरी लेकीला तारतम्य. पाहुण्यांच्या तोंडावर खरं बोलली, तारतम्य नाही. साहेबांची चूक चारचौघांत दाखवली, तारतम्य नाही. मामांनी शब्द टाकून मिळवून दिलेली आरामाची नोकरी सोडून ती या सरकारी दवाखान्यात आली, तेव्हा तर आईनं कितीतरी दिवस अबोला धरला होता. आजही आई गप्प होती. भावाच्या आरडाओरड्यापेक्षा डॉक्टरला त्याचीच जास्त धास्ती वाटत होती.

तिनं सलाईन लावलं, रक्त मागवलं, सर्जनला फोन केला. आईच्या हाताला फळी बांधायला एका नर्सला पाठवलं, दुसरीला त्या माणसापाशी उभं केलं. सर्जन जिना उतरतच होते. तेवढ्यात ती बाहेर आली. भाऊ बाकावरच्या लोकांना बहिणीचे प्रताप ऐकवत होता, आणि आई खाली मान घालून ऐकत होती. डॉक्टरला ते सहन झालं नाही.

"आई, तूच फळ्यावर लिहायचीस ना, लघु, लघुतर, लघुतम? त्या शेवटच्या दोन शेपट्या, तर आणि तम. त्यांचंच झालं तारतम्य. जास्त काय आणि सगळ्यांत जास्त काय, हे ओळखणं. आपला कोण, परका कोण, कुणाची चूक, यातलं काहीही त्या शब्दात नाही. तुझा हात तासाभरानं बसवला तरी बसेल. तू रागाव, पुन्हा बोलू नकोस माझ्याशी. पण उद्या हीच वेळ आली, तरी मी असंच करणार."

भाऊ काहीतरी बोलायला गेला. आईनं धड असलेला हात वर करून त्याला थांबवलं.

"तो माणूस कसा आहे?" तिनं विचारलं.

"तम," डॉक्टर म्हणाली.

"तरी मी म्हणते, तारतम्य नाहीच तुला," आई कडाडली. "तो तम, आणि तू इथं मला व्याकरण शिकवत उभी?"