तनिषाच्या गाण्यातली मचमच

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या गराजमध्ये समर बहिणीचं जर्मन सिंथ-पॉप गाणं साफ करत होता. संध्याकाळी पाचच्या आत ते बर्लिनच्या रेकॉर्ड कंपनीकडे गेलं नाही, तर तीन वर्षांनी मिळालेली संधी मातीत गेली असती.

गाताना येणारे ओठांचे, थुंकीचे आवाज कापून तो एका वेगळ्या ट्रॅकवर टाकायचा. आज त्या ट्रॅकवर कुणीतरी बेशरमपणे मचमच करत जेवत होतं.

"शी! काय खात होतीस गं?" त्यानं माइकजवळ उभ्या तनिषाला विचारलं.

"काहीच नाही, दादा! सकाळपासून नुसतं पाणी पितेय."

प्रत्येक घास गिळल्याचा आवाज आला, की गाण्यातला एक शब्द नाहीसा व्हायचा. बघता बघता दोन कडवी फस्त झाली. समरनं घाईघाईनं रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.

"तनू, परत गा. पटकन!"

तिनं माइकसमोर तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, पण आवाज फुटला नाही.

हेडफोनमध्ये कुणीतरी बोटं चाटत होतं.