तिसरी रांग

सकाळी दहाला हॉस्पिटलच्या सर्व्हरवरून जाणारे स्कॅन रखडू लागले. बॅकअपच सगळी वाट अडवून बसला होता. म्हणून नेटवर्कवाल्याने सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाच्या तिसऱ्या, म्हणजे बॅकअपच्या रांगेचा वेग आवळला आणि निवांत चहा मागवला.

स्कॅन रखडत होते, ते पुरते थांबले. ऑपरेशन थिएटरमधून सिस्टरचा फोन आला.

"दादा, पेशंट टेबलावर आहे आणि डोक्याचा स्कॅन उघडत नाहीये. काहीतरी करा ना!"

"ताई, नाचता येईना अंगण वाकडं! इथे सगळं ठीक आहे. तुमचं मशीन बंद करून चालू करा."

फोनमध्ये मागून डॉक्टर सिस्टरवर खेकसले, "साधं मशीन सांभाळता येत नाही? उद्यापासून थिएटरमध्ये दिसू नका."

फोन ठेवताना त्याची नजर पडद्यावरच्या आकड्यावर गेली. कार्ड रांगा शून्यापासून मोजतं; हे तोच प्रत्येक नवख्याला बजावून सांगायचा. घाईत त्याने 'तीन' लिहिलं आणि आवळली गेली चौथी रांग. ती स्कॅनची होती. कोणाला न सांगता त्याने ती मोकळी केली.

लगेच फोन वाजला.

"आला स्कॅन! दादा, माझंच मशीन अडलं होतं, उगाच तुमच्या नावाने खडे फोडले. डॉक्टरांचीही माफी मागितली मी. उद्यापासून वॉर्डात टाकलंय मला. चूक माझीच म्हणा."



"असू दे, ताई," तो म्हणाला. "होतं असं."