शिट्टीची चाचणी

मीटर एक वेळ खोटं बोलेल, शिट्टी बोलत नाही. प्रत्येक रेडिओच्या पोटात त्याचं स्वतःचं एक इवलंसं स्टेशन असतं. बाहेरचं स्टेशन त्यात मिसळलं की दोघांतला फरक उरतो, आणि पुढची सगळी यंत्रणा तेवढा फरकच ऐकते. आतलं स्टेशन थोडं बाहेरही झिरपतं. म्हणून शेजारी दुसरा रेडिओ लावून बटण फिरवलं, की त्या दुसऱ्यात शिट्टी वाजते.

दुपारी एक काकू माझ्या दुरुस्तीच्या दुकानात नवऱ्याचा रेडिओ घेऊन आल्या. "हे गेल्यापासून मुका आहे," म्हणाल्या. मी माझ्या रेडिओवर बातम्या लावल्या आणि त्यांच्या रेडिओचं बटण फिरवलं. माझ्यात शिट्टी आली.

"पोट ठीक आहे, काकू. नुसता घसा बसलाय." मी सेल काढून टेबलावर ठेवले आणि स्पीकरच्या सुटलेल्या तारेला डाग द्यायला बसलो.

शिट्टी पुन्हा वाजली.

त्यांच्या रेडिओचा काटा जागच्या जागी होता. मी सेल मोजले. चारही बाहेर होते. शिट्टी हळूहळू खाली आली, जरा पुढे गेली, मग मागे वळली.

"असंच करायचे," काकू म्हणाल्या. "आधी स्टेशन ओलांडायचे, मग मागे यायचे."

शिट्टी उतरत उतरत विरली. स्टेशन बरोबर जुळलं की ती अशीच विरते.

"आणि लागलं की मला हाक मारायचे."

बातम्या चालूच होत्या. मला दुसरं काही ऐकू आलं नाही.

काकूंनी पिशवी उचलली.

"आले हं," त्या म्हणाल्या.